आधी कंपनी, मग मी

एखादा माणूस आपल्याला आठवड्यातून तीनदा भेटतो आणि दर वेळी पहिल्यांदाच भेटल्यासारखी स्वतःची ओळख करून देतो. अशा वेळी आपण काय समजायचं? एकतर त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, नाहीतर आपल्या. मला पहिलं वर्षभर आपल्याच डोक्याची शंका होती.

मी मस्कतला, गाला भागात, पंप विकणाऱ्या एका कंपनीत काम करत होतो. गाला म्हणजे गॅरेजं, वर्कशॉपं, टायरची दुकानं, आणि त्यांच्या डोक्यावर आमच्यासारखी ऑफिसं, ज्यांच्या खिडकीतून फक्त समोरच्यांचे एसी दिसतात. मालक ओमानी, पंप जपानी, विकणारे आम्ही मराठी आणि मल्याळी, आणि घेणारे किनाऱ्यावरच्या सहम गावाकडचे लिंबाच्या आणि खजुराच्या बागांचे मालक. जपानच्या बाजूने हे सगळं बघणारे एकच गृहस्थ होते. त्यांचा इंग्रजी मेल उघडला की वर ठरलेलं असायचं, मराठीत सांगायचं तर असं.

'नेहमी आपल्या कृपेत आहोत. मी अमुक कंपनीच्या परदेश विक्री विभागातला अमुक. आपण कामात असताना व्यत्यय आणतो आहे, क्षमा असावी. इकडे झाडांची पानं रंग बदलू लागली आहेत. आपल्याकडचा उन्हाळा थोडा उतरला असेल अशी आशा करतो.' मग एक ओळ मोकळी. मग कामाचं: 'सील मंगळवारी निघतील.' आणि शेवटी, 'असाच लोभ असावा.'

सील मंगळवारी निघतील. सील म्हणजे पंपातून पाणी गळू नये म्हणून बसवायच्या चकत्या. एवढ्यासाठी एवढं. बुधवारी मी विचारावं, निघाले का? की गुरुवारी उत्तर: 'नेहमी आपल्या कृपेत आहोत. मी अमुक कंपनीच्या परदेश विक्री विभागातला अमुक.' अहो, परवाच तर भेटलो. दोन दिवसांत तुम्ही कंपनी बदललीत की मी बदललो?

मी ठाण्याचा. आमच्याकडे ओळख देण्याची रीत निराळी आहे. फोन उचलला की पलीकडून आवाज येतो, 'मी बोलतोय.' बस्स. कोण मी, कुठला मी, काही नाही. आपण जरा बिचकत 'मी म्हणजे?' म्हटलं की पलीकडचा दुखावला. 'ओळखलं नाहीस? मोठा माणूस झालास बाबा मस्कतला जाऊन.' माझा एक मामा तर दर थोड्या दिवसांनी नवं सिमकार्ड घेतो आणि 'ओळख पाहू' म्हणून छळतो. एकदा मी घाईत होतो, राँग नंबर म्हणून फोन ठेवला, तर त्याने दिवाळीपर्यंत अबोला धरला. आमच्यात स्वतःचं नाव सांगावं लागणं हाच अपमान. ओळख सांगतो तो परका, न सांगता ओळखला जातो तो आपला. असल्या घरात वाढलेल्या माणसाच्या नशिबी हे जपानी गृहस्थ आले होते.

घरी मी ते मेल मोठ्याने वाचून दाखवायचो. बौशर भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये करमणुकीची साधनं कमीच. बायको पहिल्याच दिवशी म्हणाली, "अहो, हे तर लग्नपत्रिका लिहितात. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' तेवढं राहिलंय." तिनेच त्यांचं नाव कृपाभिलाषी ठेवलं आणि तेच आमच्या घरात रुळलं. मी ऑफिसातून आलो की चहा टाकता टाकता विचारायची, "आज काय म्हणतायत कृपाभिलाषी? पानं गळाली का?" कृपाभिलाषींमुळे आम्हाला जपानातले सगळे ऋतू तोंडपाठ झाले. उलट मी काय कळवणार? आमच्याकडे दोनच ऋतू, एसी चालू आणि एसी बंद पडलेला. तरी मी दर वेळी उन्हाळ्यालाच वेगवेगळे कपडे घालून पाठवत असे.

हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. ही ओळख नुसती ओळख नव्हती, त्यात एक तागडी होती. त्यांच्याकडचं काही आलं की ते खाली, आमच्याकडचं आलं की वर. त्यांचा विभागप्रमुख, ज्याच्यापुढे ते ऑफिसात बहुधा उभेसुद्धा राहत नसतील नीट, तो आमच्याशी बोलताना नुसता आडनावाने. मागेपुढे काही नाही. आणि आमच्या वर्कशॉपमधला गुहागरचा फिटर, ज्याला आम्ही 'ए, पाना दे' म्हणतो, तो मेलमध्ये महोदय. फिटरने त्या मेलचा प्रिंट मागून घेतला. म्हणाला, गावाला पाठवतो, सासऱ्याने बघू दे.

मला ही रीत आवडली आणि मी ती एकदा वापरून बघितली. तिथेच फसलो.

झालं असं की आमच्याकडे गेल्या वर्षी नवीन मॅनेजर आला होता. आपलाच माणूस, पुण्याचा, दुबईहून आलेला. वयाने माझ्याहून बराच लहान, पण अनुभवाने थकलेला. गल्फमधल्या ऑफिसात 'सर' हे काय प्रकरण आहे ते तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. सर सीटवर नाहीत, सर मीटिंगमध्ये आहेत, सरांनी सांगितलंय की सरांना विचारा. तर एकदा जपानहून फोन आला. मी कृपाभिलाषींच्या रीतीने, बाहेरच्या माणसापुढे आपल्या माणसाला मान द्यायचा नाही म्हणून, सर गाळून म्हटलं, मॅनेजर जागेवर नाही. नेमका मॅनेजर माझ्या खुर्चीमागे उभा.

"अहो," केबिनमध्ये बोलावून तो म्हणाला, "बाहेरच्यांसमोर तरी सर म्हणत जा."

"सर, त्यांच्या पद्धतीत बाहेरच्यांसमोर म्हणायचं नसतं."

"त्यांच्या पद्धतीत असेल. पगार आपल्या पद्धतीत होतो ना?"

मी 'हो सर' म्हणून जागेवर आलो. पण त्या दिवसापासून मॅनेजरचं लक्ष जपानच्या मेलांवर गेलं, आणि ते जायला नको होतं.

कारण तो काळ नाजूक होता. जपानी पंपांची आमची एजन्सी वर्षअखेर संपत होती आणि पुढे चालू राहायची तर जपानने हो म्हणायला हवं होतं. नाही म्हणाले की पंप विभाग खलास. विभाग गेला की मी गेलो, मी गेलो की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की बायको-मुलीसकट गाशा गुंडाळायचा. आणि माझी मुलगी बारावीला होती. इथल्या भारतीय शाळेत पहिलीपासून शिकलेली, मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. ऐन डिसेंबरात तिला उचलून ठाण्यात कुठे नेऊन बसवणार? लोक देवाकडे मुलीला चांगले मार्क मागतात, मी एजन्सी मागत होतो. मार्चपर्यंत टिकव, पुढे तुझी मर्जी. बायको तर कृपाभिलाषींचं नाव घेताना हसायचीच थांबली होती.

मॅनेजरने जपानचे सगळे मेल मागवून घेतले. वाचले. मग मला म्हणाला, "हा माणूस आपला किती वेळ खातो, हिशेब केलाय कधी? प्रत्येक मेलमध्ये अर्धं पान नमस्कार. एफिशियन्सी नावाची गोष्ट आहे की नाही?"

मी म्हटलं, "सर, जपानी लोकांना एफिशियन्सी आपण शिकवायची?"

"कोणीतरी शिकवायलाच पाहिजे," तो म्हणाला. आणि मला न विचारता त्याने कृपाभिलाषींना उत्तर टाकलं. मला फक्त प्रत. मी उघडलं आणि कपाळाला हात लावला. लिहिलं होतं: 'दर वेळी स्वतःची ओळख देण्याची गरज नाही. तुम्ही कोण आहात ते आम्हाला माहीत आहे. यापुढे थेट मुद्द्याचं लिहावं.'

त्याने हे प्रेमाने लिहिलं होतं, हे मी आजही मान्य करीन. आपल्यात हे प्रेमच आहे. 'आपल्यात कसली आलीय ओळख, बोल काय काम आहे,' असं आपण जवळच्या माणसाला म्हणतो, आणि त्यालाही बरं वाटतं. मॅनेजरने एका जपानी माणसाला आपलं म्हटलं होतं. पण वाचणाऱ्याला ते पोलीस चौकीतून आल्यासारखं वाटलं असणार.

दोन दिवसांनी कृपाभिलाषींचा मेल आला. 'सील मंगळवारी निघतील.' संपलं. कृपा नाही, क्षमा नाही, पानं नाहीत, लोभ नाही. वर नाव नाही की खाली नाव नाही. मॅनेजर खूश. "बघा, सांगितलं की ऐकतात." मी त्या एका ओळीकडे बघत राहिलो. अकरा वर्षं ज्याची टिंगल केली ते सगळं एका फटक्यात गेलं होतं. भांडण झालेल्या घरात जेवण वाढतात तशी ती ओळ होती. नुसतं ताट पुढे सरकवलेलं.

बायकोने चहा टाकताना विचारलं, "काय म्हणतायत?" मी म्हटलं, "सील मंगळवारी निघतील." "आणि?" "आणि काही नाही." तिने गॅस बारीक केला आणि माझ्याकडे वळून बघितलं. "अहो, ते रागावलेत," ती म्हणाली. जपानी माणसाचा राग तिला मेलवरून कळला, तो मॅनेजरला शेवटपर्यंत कळला नाही.

मग त्यांच्या विभागप्रमुखाचा मेल आला, तो सरळ आमच्या मालकाला. नेहमी आपल्या कृपेत आहोत, इथपासून ओळखीचा मोठा परिच्छेद, कारण हे गृहस्थ पहिल्यांदाच लिहीत होते. मग लिहिलं होतं की आमच्या माणसाच्या लिहिण्याने आपल्याला त्रास झाला असं दिसतं, त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. त्याला योग्य ती समज दिली आहे. आपल्या कामाचा वेग पाहता आमची मंद कंपनी आपल्याला साथ देऊ शकेल का, अशी शंका वाटते. एजन्सीच्या बाबतीत आम्ही सखोल विचार करू.

सखोल विचार करू. मॅनेजर म्हणाला, "म्हणजे पॉझिटिव्ह आहेत." मला मात्र ते वेगळंच ऐकू आलं. ओमानी माणूस एका विशिष्ट सुरात इन्शाल्ला म्हणतो, आपण एका विशिष्ट सुरात 'बघू' म्हणतो, आणि जपानी सखोल विचार करतो. तिन्हींचा अर्थ एकच, की आता उठा.

आणि समज दिली आहे, हे वाक्य तर मला जेवू देईना. त्या बिचाऱ्याने काय केलं होतं? नमस्कार केला होता.

आमचा मालक, आम्ही त्याला अर्बाब म्हणायचो, वयस्क माणूस. ऑफिसला यायचा तो मुख्यतः कहवा, म्हणजे अरबी कॉफी, प्यायला. त्याने आम्हा दोघांना बोलावलं आणि मेल मला मोठ्याने वाचायला लावला. नंतर मॅनेजरचाही वाचायला लावला. मग मॅनेजरला हिंदीत शांतपणे म्हणाला, "आदमी दरवाज़े पे आया, सलाम किया. तुम बोला, सलाम मत करो, सामान रखो और जाओ. ऐसा?"

मॅनेजर म्हणाला, "अर्बाब, टाइम सेव्हिंग..."

"टाइम बचाके क्या किया?" अर्बाबने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटत होतं.

अर्बाबच्या गावाकडे पाहुणा आला की आधी सलाम, मग तब्येत, मग मुलंबाळं, मग कहवा आणि खजूर, आणि मग विचारायचं, काय बातमी? पाहुण्याने म्हणायचं, बातमी काही नाही, सगळं खैर. आणि हे झाल्यावरच खरी बातमी. विहीर आटलेली असली तरी आधी बातमी काही नाही म्हणायचं. त्यामुळे जपानी मेलमध्ये अर्बाबला काहीच विचित्र वाटलं नव्हतं. त्याने मला सांगितलं, त्यांना इथे बोलाव. आणि नीट लिही.

मी नीट लिहिलं. नेहमी आपल्या कृपेत आहोत, इथून सुरू केलं. मी अमुक कंपनीच्या पंप विभागातला अमुक, असं अकरा वर्षांत पहिल्यांदा पूर्ण लिहिलं. लिहिताना माझ्या वडिलांची पत्रं आठवली, कृ. सा. न. वि. वि. ने सुरू होणारी. तेही सख्ख्या भावाला लिहिताना खाली पूर्ण नाव घालायचे आणि शेवटी लोभ असावा म्हणायचे. आम्हीच तो लोभ बंद केला. मग हवामान लिहिलं. मॅनेजरने मसुदा बघितला आणि हवामानाची ओळ कापली. अर्बाबने ती परत घालायला लावली.

नोव्हेंबरात ते दोघं आले, विभागप्रमुख आणि आमचे कृपाभिलाषी. अकरा वर्षांत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला उगाच उंच, शेरवानी घातल्यासारखा माणूस वाटायचा. प्रत्यक्षात ठेंगणे, चष्मा लावलेले, कानावर पिकलेले केस, हातात छोटी बॅग. त्यांनी दोन्ही हातांनी कार्ड पुढे केलं आणि वाकून म्हणाले, "नेहमी आपल्या कृपेत आहोत. मी अमुक कंपनीच्या परदेश विक्री विभागातला अमुक." अगदी मेलसारखं, त्याच क्रमाने. मला एकदम हसू आलं. मी मामाच्या तालमीतला माणूस, माझ्या तोंडून निघालं, "ओळखलं, ओळखलं."

बैठक सुरू झाली. म्हणजे झाली नाही. अर्बाबने सगळ्यांची तब्येत विचारली. जपानी पाहुण्यांनी अर्बाबची विचारली. कहवा आला, हलवा आला, खजूर आले. विभागप्रमुखाने आपल्या कंपनीची ओळख दिली, अर्बाबने आपल्या आजोबांची. मॅनेजरने लॅपटॉप उघडून ठेवला होता, त्याची स्क्रीन दोनदा काळी झाली. सगळ्यांत जास्त घाई असलेल्या माणसालाच तिथे कोणी काही विचारत नव्हतं. मी कित्येक वर्षांत इतका सुंदर तमाशा फुकटात पाहिला नव्हता.

मग अर्बाब आपल्या रीतीने प्रत्येकाच्या मुलाबाळांवर आला. माझ्याकडे वळून म्हणाला, "बेटी कैसी है?" मी म्हटलं, बारावीला आहे, मार्चमध्ये परीक्षा. पुढे बोलायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच, "तोपर्यंत इथे राहिलो तर." मॅनेजरने टेबलाखालून माझ्या बुटावर बूट ठेवला. कृपाभिलाषींनी वहीत काहीतरी टिपलं. अर्थात ते सगळंच टिपत होते, हलव्याचं नावसुद्धा.

शेवटी मॅनेजरला राहवलं नाही. त्याने हसत हसत, चूक सुधारतोय अशा थाटात विचारलं, की पण एवढ्या वर्षांच्या संबंधांनंतर दर वेळी ओळख कशासाठी? मी डोळे मिटून घेतले.

कृपाभिलाषींनी आधी विभागप्रमुखाकडे बघितलं. त्याने मान हलवल्यावर ते सावकाश म्हणाले, "आमच्याकडे माझ्यासारख्याला खिडकी म्हणतात. कंपनीची खिडकी. मी कंपनीचं नाव आधी घेतलं नाही तर जे बोललो ते मी बोललो असं होईल. सील मंगळवारी निघतील, हे कंपनी सांगते. मी कोण सांगणारा?"

अर्बाबने त्यांच्या कपात आणखी कहवा ओतला.

जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं आणि एक चिठ्ठी दोन्ही हातांनी दिली. त्यांचा घरचा मेलचा पत्ता होता. म्हणाले, "एप्रिलपासून या खिडकीत दुसरं कोणी असेल." मी काहीतरी म्हणायला गेलो, पण ते वाकले होते, मग मीही वाकलो, आणि दोघं वाकलेले असताना बोलता येत नाही.

डिसेंबरात एजन्सी एका वर्षासाठी वाढवल्याचं पत्र आलं. विभागप्रमुखाने लिहिलं होतं की आमच्या खिडकीच्या आग्रहाखातर. मॅनेजरने केक कापला आणि आपल्या प्रेझेंटेशनबद्दल थोडं बोलला, जे कोणी पाहिलं नव्हतं. मी घरी फोन केला. आधी बायकोने नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "येताना त्यांच्यासाठी नारळ आणा, देवापुढे फोडते." जपानी माणसासाठी मस्कतमध्ये नारळ फुटला.

मुलगी मार्चमध्ये परीक्षेला बसली. त्याच महिन्याच्या शेवटी कृपाभिलाषींचा मेल आला. कृपा, कंपनी, विभाग, नाव, सगळं जागच्या जागी. खाजगी गोष्ट लिहितो आहे, क्षमा असावी. या महिनाअखेर निवृत्त होत आहे. माझ्या जागी येणाऱ्यावरही असाच लोभ असावा. चेरी फुलायला लागल्या आहेत. चिठ्ठीचा उल्लेख नाही, बारावीचा नाही. शेवटपर्यंत कंपनीच बोलली.

त्यांच्या जागी आलेल्या तरुणाचा पहिला मेल असा होता: 'हाय टीम, पोर्टल बघा, थँक्स.' मॅनेजरने तो मला वाचून दाखवला. "बघा, जपान सुधारलं!" पोर्टल म्हणजे आता ऑर्डरी, चौकशा, तक्रारी, सगळं तिथेच भरायचं. पत्र नाही, माणूस नाही. आणि गंमत बघा, ते पोर्टल रोज सकाळी माझी ओळख मागायचं. नाव घाला, पासवर्ड घाला, फोनवर आलेला आकडा घाला, आणि मग चित्रांतले झेब्रा क्रॉसिंग निवडून आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करा. मी रोज सिद्ध करायचो. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा शंका यायचीच. मॅनेजरला यात वेळ गेल्यासारखं वाटत नसे.

झेब्रा क्रॉसिंग कोणीही निवडू शकतं, हे त्याच्या लवकरच लक्षात आलं. मे महिन्यात त्याने मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला, यावरूनच मी समजलो. म्हणाला, "अहो, तुमचं कम्युनिकेशन एक्सलंट आहे. प्रॉब्लेम असा आहे की आता कम्युनिकेशनच उरलं नाही." एजन्सी टिकली, विभाग टिकला, मॅनेजर टिकला, पोर्टल टिकलं. मी गेलो. राग आला का? आला. पण मुलीची परीक्षा झाली होती. मी मार्चपर्यंतच मागितलं होतं आणि मला दोन महिने जास्तच मिळाले होते. अर्बाबने मात्र निघताना विचारलं, काय बातमी? मी म्हटलं, बातमी काही नाही, सगळं खैर. त्याने माझा हात बराच वेळ हातात धरून ठेवला.

जूनमध्ये घरात खोकी बांधायला काढली. पाकिटातून बताका, म्हणजे इथलं रहिवासी कार्ड, काढलं, ते आता परत द्यायचं होतं. त्याच्यामागून कृपाभिलाषींची चिठ्ठी निघाली. वाटलं, जाण्याआधी दोन ओळी लिहाव्यात. लॅपटॉप उघडला. हात सवयीने चालले. नेहमी आपल्या कृपेत आहोत. मी...

आणि अडलो. मी कुठल्या कंपनीचा? मी कुठल्या विभागातला? अकरा वर्षं ज्या ओळीला हसलो ती ओळ मला पूर्ण करता येईना. मस्कतचा म्हणावं तर कार्ड परत द्यायचंय. ठाण्याचा म्हणावं तर ठाण्यात मला आता कोण ओळखतंय, मामा सोडून? मी तशीच ओळ ठेवून स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आलो. शेवटी सगळं पुसलं आणि आमच्या घरच्या रीतीने लिहिलं: 'मी बोलतोय, मस्कतहून. ओळखलंत का?' खाली माझं नाव. पाठवून दिलं आणि लगेच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर होतं. 'आपण कामात असताना व्यत्यय आणतो आहे, क्षमा असावी,' अशी सुरुवात. खोक्याला चिकटपट्टी लावता लावता बायको म्हणाली, "यांना सांगा कोणीतरी, कसलं काम, तुम्ही दोघंही घरीच बसलायत म्हणून." मी पुढे वाचलं. पुढे होतं, 'मी,' आणि त्यांचं नाव. कंपनी नाही, विभाग नाही. मी कोण सांगणारा, असं विचारणारे गृहस्थ पहिल्यांदाच स्वतः सांगत होते. त्यांनी घरामागे काकड्या लावल्या होत्या. पाणी दुसऱ्याच कंपनीच्या पंपाने देतात, कारण आमचा पंप एवढ्याशा वाफ्याला मोठा पडतो, हेही लिहिलं होतं. मग एक ओळ मोकळी सोडली होती, जिथे नेहमी कामाचं यायचं.

तिथे लिहिलं होतं, 'मुलीचा निकाल काय लागला?'

मला पुढचं दिसेना. बायकोने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि चिकटपट्टी तशीच सोडून बाल्कनीत गेली. मी मुलीला हाक मारली. निकाल चांगला लागला होता, ती आतल्या खोलीत कॉलेजांची माहिती बघत बसली होती. मी खुर्चीतून उठून तिला बसवलं आणि म्हटलं, "याचं उत्तर तू लिही."

तिने मेल वाचला. पुन्हा वर जाऊन वाचला. "पण बाबा, ते मला नो... म्हणजे, ओळखत नाहीत ना? स्टार्ट कसं करू?"

"आधी तू कोण ते सांग," मी म्हटलं.